कलेतिहासाचा अभ्यासक्रम बदलताना विद्यार्थ्याने काय सांभाळावं

प्रवेश घेताना हातात पडलेलं माहितीपत्रक आणि तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर छापून आलेली पेपरांची नावं एकमेकांशी जुळत नाहीत, अशी स्थिती सध्या कलेतिहासाच्या अनेक विद्यार्थ्यांची आहे. वर्षभर चालणारा भारतीय कलेचा पेपर दोन छोट्या सत्रांत विभागला जातो, पाश्चात्त्य कला आक्रसून ऐच्छिक होते, सौंदर्यशास्त्र एका वर्षातून उठून दुसऱ्या वर्षात जातं. मधल्या जागेत भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, कार्यानुभव अशी नवी नावं येऊन बसतात. वरच्या वर्गातल्या ताईने दिलेल्या नोट्स निम्म्याच कामाला येतात आणि शिक्षकही त्या चौकटीत पहिल्यांदाच शिकवत असतात.

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून, तर संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176 क्रेडिट, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हा साचा सगळ्याच विषयांना लागू आहे. कलेतिहासाला मात्र तो जरा वेगळा बोचतो. हा विषय काही ठिकाणी बी.एफ.ए. किंवा बी.व्ही.ए.च्या आत शिकवला जातो, काही ठिकाणी प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाच्या आत, तर काही ठिकाणी एम.ए.लाच सुरू होतो. त्यामुळे एकाच नावाच्या पदवीत दोन विद्यापीठांत काय शिकवलं गेलं, याचा अंदाज नुसत्या नावावरून येत नाही. अभ्यासक्रम बदलला की ही धूसरता आणखी वाढते, आणि तिचा त्रास पुढे प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या खिडकीशी विद्यार्थ्यालाच होतो.

म्हणून माझं सांगणं असं, की बदलाचे दोन भाग वेगळे ठेवा. एक भाग कागदाचा आहे: नियम, क्रेडिट, समकक्षता, गुणपत्रिका. तो कागदावरच, लेखी आणि वेळेत निस्तरायचा. दुसरा भाग शिकण्याचा आहे: नव्या रचनेत काय गळलं, काय नव्याने आलं आणि गळलेलं आपण कसं भरून काढायचं. विभागाने तो भाग पूर्ण करून द्यावा म्हणून थांबलात तर पदवी मिळेल, पण अजिंठ्यात उभं राहिल्यावर काय पाहायचं हे कळणार नाही.

कागदाचं काम

सुरुवात एका प्रश्नाने करा. माझ्या तुकडीला कोणता पॅटर्न लागू आहे? साधारण रीत अशी असते, की ज्या वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला त्या वर्षाचा अभ्यासक्रम त्या तुकडीला शेवटपर्यंत लागू राहतो. अडचण येते ती मध्ये खंड पडलेल्यांची, एटीकेटी असलेल्यांची आणि दुसऱ्या महाविद्यालयातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा विद्यापीठ मोजक्याच वेळा घेतं. त्या संपल्या की राहिलेला पेपर नव्या पॅटर्नमधल्या समकक्ष पेपरच्या रूपाने द्यावा लागतो. कोणता जुना पेपर कोणत्या नव्या पेपराशी समकक्ष, याचा तक्ता परिपत्रकासोबत निघतो. तो मिळवा, आपल्या पेपराची ओळ शोधा आणि शेवटची संधी कोणत्या परीक्षेला आहे ते तारखेसकट लिहून ठेवा. तक्त्यात आपला पेपरच नसेल तर विभागप्रमुखांकडे अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. ‘सर म्हणाले होते’ याला परीक्षा विभागात काही किंमत नसते. सर बदलतात, क्लार्कची बदली होते, आवक क्रमांक पडलेला अर्ज मात्र टिकतो.

दुसरं म्हणजे आपल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या. नुसती पेपरांची यादी पुरत नाही; घटक, तास, क्रेडिट आणि संदर्भग्रंथांसह पूर्ण प्रत हवी. नवा अभ्यासक्रम आला की संकेतस्थळावरून जुना बऱ्याचदा काढून टाकला जातो. चार वर्षांनी परदेशातल्या किंवा देशातल्याच एखाद्या विद्यापीठाने ‘तुम्ही मूर्तिशास्त्र नेमकं किती शिकलात’ असं विचारलं, तर गुणपत्रिकेवरचा कोड त्यांना काहीच सांगत नाही. तेव्हा ही पीडीएफ आणि शक्य असेल तर विभागाच्या शिक्क्याची प्रत कामी येते. दर सत्राअखेर ती एका फोल्डरमध्ये टाकत जा, सोबत गुणपत्रिका आणि तुम्ही लिहिलेले निबंध.

तिसरं, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. यूजीसीने 2021 मध्ये नियम करून ही व्यवस्था आणली. अपार आयडी तयार असणं आणि दर सत्राचे क्रेडिट तिथे खरोखर जमा झालेले दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडून पाहा. एखाद्या सत्राचे क्रेडिट दिसत नसतील तर त्याच सत्रात तक्रार करा. पदवीच्या वेळी लक्षात आलं तर धावपळ होते. मध्येच शिक्षण थांबवून प्रमाणपत्र किंवा पदविका घेण्याचा, आणि पुढे परत येण्याचा पर्याय याच नोंदींवर उभा आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं असेल तर 40 ते 44 क्रेडिटच्या जोडीला चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, हेही आधीच ध्यानात असू द्या. घरच्या अडचणीने अचानक थांबावं लागलं तर नेमकी हीच अट राहून गेलेली असते.

संस्थेचा दर्जाच बदलणं हा आणखी एक प्रकार. 1857 पासूनच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. असं काही आपल्या संस्थेत घडलं, किंवा महाविद्यालय स्वायत्त झालं, तर आधीच्या तुकड्यांनी एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: पदवी प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार आणि राहिलेल्या परीक्षा कोण घेणार.

तासांचा हिशेब

आता शिकण्याकडे येऊ. क्रेडिटचं गणित सोपं आहे: तासिकेच्या विषयाला एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाला 30 तास. चार क्रेडिटचा पेपर दोन क्रेडिटचा झाला तर 60 तासांचे 30 तास झाले. घटकांची यादी मात्र बऱ्याचदा तेवढीच राहते. सिंधू संस्कृतीपासून मध्ययुगापर्यंतची भारतीय शिल्पकला 30 तासांत शिकवायची, तर सांची, मथुरा, गांधार, अमरावती यांना एकेक तास मिळतो. पडद्यावर चित्रं भराभर पुढे सरकतात आणि वही भरून जाते.

शिवाय अनेक ठिकाणी जुना कालक्रमाने जाणारा पेपर मोडून त्याजागी विषयवार पेपर येत आहेत: कला आणि सत्ता, कला आणि स्त्री, शहर आणि प्रतिमा. असं जगभर चाललं आहे. येल विद्यापीठाने प्रबोधनकाळापासून आजपर्यंतची कला एका दमात शिकवणारा आपला नावाजलेला प्राथमिक पेपर 2020 मध्ये थांबवला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. या बदलामागची तक्रार खरी आहे. गॉम्ब्रिक यांच्या ‘द स्टोरी ऑफ आर्ट’च्या 1950 च्या पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री चित्रकार नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्याच पुस्तकावर वाढले. लिंडा नॉकलिन यांनी 1971 मध्ये थोर स्त्री कलावंत का झाल्या नाहीत हा प्रश्नच उलटा करून मांडला, तेव्हापासून जुन्या रचनेला धक्के बसत आले आहेत. आपल्याकडेही आधुनिक कला म्हटलं की बंगाल स्कूल, अमृता शेरगिल आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुप, एवढ्यावर गाडी थांबायची. अंबिका धुरंधर किंवा अँजेला त्रिंदाद यांची नावं आता अभ्यासक्रमात येऊ लागली असतील तर ते चांगलंच आहे.

पण विषयवार पेपर शिकणाऱ्याला कालक्रम आधीच येतो असं गृहीत धरलेलं असतं, आणि तो तर कुणी शिकवलेलाच नसतो. हे नव्या रचनेतलं सगळ्यात मोठं भगदाड आहे असं मला वाटतं. ते तुम्हीच बुजवायचं आहे, आणि पहिल्या सत्रातच.

यासाठी ड्रॉइंगच्या दुकानातून कार्ट्रिज पेपरचा रोल आणा आणि भिंतीवर एक लांब पट्टी लावा. वरच्या ओळीत भारत, खालच्या ओळीत बाकी जग. शतकांच्या खुणा करा आणि शिकलेली प्रत्येक कलाकृती तिच्या जागी लिहीत जा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी लिहिलीत की खाली चीनमधली युनगांगची लेणी लिहा. त्यांचं काम 460 च्या सुमाराला सुरू झालं. म्हणजे त्याच दशकांत दोन ठिकाणी डोंगर कोरून बुद्ध घडवले जात होते. सहाव्या शतकात घारापुरी, आणि खाली कॉन्स्टँटिनोपलचं हागिया सोफिया, 532 ते 537. आठव्या शतकात वेरूळचं कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आणि त्याच शतकाच्या अखेरीला स्पेनमध्ये कोर्दोबाच्या मशिदीची सुरुवात. सतराव्या शतकात आलात की रेम्ब्रांट मुघल चित्रांवरून रेखाटनं करताना सापडतो. तो 1669 मध्ये गेला, आणि पाच वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. अशी पट्टी दोन महिने भरली की ‘कला आणि सत्ता’ या पेपरात शिक्षक चोळांवरून वर्सायवर उडी मारतात तेव्हा तुम्ही गोंधळत नाही.

पट्टीच्या जोडीला शंभरेक कलाकृतींची आपली यादी करा. प्रत्येकीसाठी एक कार्ड: कुणी, केव्हा, कुठे, कशात, किती मोठी, आज कुठे आहे. ‘किती मोठी’ ही नोंद सर्वांत जास्त राहून जाते, कारण पडद्यावर सगळं एकाच मापाचं दिसतं. मोनालिसा 77 बाय 53 सेंटिमीटरची, तर घारापुरीचा सदाशिव साडेपाच मीटरच्या आसपास उंच. ही मापं डोक्यात नसतील तर त्यावरचं लेखन पोकळ होतं.

जुन्या नोट्स आणि नवं उत्तर

अभ्यासक्रम बदलतो त्यामागे नेहमी प्रशासनच असतं असं नाही. कधी ज्ञानच बदललेलं असतं. हे ओळखता आलं तर विद्यार्थी पुष्कळ पुढे जातो. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर देतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचं एक चित्र आहे. राजा बसलेला आहे आणि टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले, अंगभर पोशाखातले परदेशी लोक त्याच्यासमोर भेटी घेऊन आले आहेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी हा प्रसंग चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात इराणच्या दुसऱ्या खुस्रोचा वकील आल्याचा, असा लावला. म्हणजे चित्र सातव्या शतकातलं ठरलं. हे वर्णन पाठ्यपुस्तकांत शिरलं, गाइडांत आलं आणि कित्येक वर्षं परीक्षेत गुण मिळवत राहिलं. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी अनेक दशकं अजिंठ्यात काढून, कोरीव कामातले टप्पे, अर्धवट सोडलेली लेणी, शिलालेख आणि दरवाजांच्या पद्धती यांचा मेळ घातला. दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ सगळं काम वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या थोड्या वर्षांत, साधारण 460 ते 480 या दरम्यान झालं, असं त्यांनी मांडलं. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात दाता म्हणून हरिषेणाचा मंत्री वराहदेव येतो, तोही याच चौकटीत बसतो. मग पुलकेशी जन्मण्याच्याही आधी हे चित्र रंगलेलं होतं, आणि त्याच्या दरबाराचं ते असूच शकत नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंग्लोफ यांनी कथांचा माग काढत हा प्रसंग महासुदर्शन या चक्रवर्ती राजाच्या कथेतला असल्याचं सांगितलं. चित्रातले परदेशी लोक खरेच. पश्चिमेकडून येणारे व्यापारी चित्रकारांच्या पाहण्यात होते. वकिलात मात्र नाही.

आता विद्यार्थ्यापुढचा प्रश्न. वरच्या वर्गाच्या नोट्समध्ये ‘पुलकेशी, सातवं शतक’ असं आहे, नव्या संदर्भग्रंथात पाचवं शतक आहे. परीक्षेत काय लिहायचं? दोन्ही लिहायचं, पण क्रमाने. पूर्वी असं मानलं जाई, त्याचा आधार हा होता, मग हा पुरावा पुढे आला आणि आज बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. स्पिंक यांचं वर्षागणिक मांडलेलं वेळापत्रक सगळ्यांना मान्य नाही, हेही एका वाक्यात लिहा. असं उत्तर जुन्या वळणाच्या परीक्षकालाही खोडता येत नाही आणि नव्याला आवडतं. घारापुरीचंही असंच आहे. ती लेणी पूर्वी राष्ट्रकूटांच्या नावावर असत, आता सहाव्या शतकात कलचुरींच्या काळाशी जोडली जातात. जिथे जिथे नोट्स आणि नवं पुस्तक भांडताना दिसतील तिथे थांबा. दोघांपैकी कोण बरोबर हे शोधण्यात जो आठवडा जाईल, तो सत्रातला सर्वांत चांगला गेलेला आठवडा असेल.

मराठीतून वाचायचं तर सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड जवळ ठेवा. महाराष्ट्रातल्या कलावंतांबद्दल एवढी माहिती एकत्र दुसरीकडे मिळणं कठीण. मूर्तिशास्त्रासाठी गो. बं. देगलूरकर वाचा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी इंटरनेटवर मोफत आहेत आणि एखादी संज्ञा पटकन समजून घ्यायला चांगल्या आहेत. मात्र त्यातल्या काही जुन्या आहेत, तेव्हा कालनिर्णय तपासून घ्या.

मायनर आणि बाकीच्या निवडी

मायनर निवडताना मैत्रीण कुठे बसते आणि गुण कुठे सहज मिळतात, या दोन विचारांनी बरेच अर्ज भरले जातात. कलेतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मायनर हे दुसरं हत्यार आहे. तुम्हाला प्राचीन शिल्पात रस असेल तर पाली किंवा संस्कृत. दख्खनी चित्रं, मराठाकालीन भित्तिचित्रं यांत रस असेल तर इतिहास आणि सोबत मोडी. मोडी तर पदवीच्या बाहेरही शिकता येते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं त्याचे वर्ग घेतात. भाषा हे काम हळू चालणारं आहे, एम.ए.ला आल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. माझा कल म्हणून भाषेकडे आहे, अगदी गुण थोडे कमी पडले तरी.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचं घ्यावं लागतं, याबद्दल तक्रार ऐकू येते. मला ती संधी वाटते. रसायनशास्त्राच्या प्राथमिक पेपरातून रंगद्रव्यं आणि संवर्धन कळू लागतं. भूशास्त्रातून कळतं की सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या आडव्या थरांत एवढी लेणी कोरता का आली आणि काही ठिकाणी छत का कोसळलं. भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर सर्वसाधारण पातळीवर उरकला जात असेल तर त्यातला निबंध आपल्या विषयाकडे वळवून घ्या. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र किंवा यशोधराने कामसूत्रावरच्या टीकेत नोंदवलेली चित्राची सहा अंगं, यांतलं काहीही एक घेऊन आणि एका प्रत्यक्ष चित्राशी ताडून लिहा. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रमही हाताशी आहेत. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेण्याची मुभा यूजीसीने दिली आहे. मात्र आपलं विद्यापीठ नेमका कोणता अभ्यासक्रम मान्य करतं ते नाव नोंदवण्याआधी विचारा.

क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यानुभव

नव्या रचनेत कलेतिहासाला खरोखर लाभदायक असं काही असेल तर ते हे. पण क्षेत्रीय प्रकल्प म्हणजे सहलीचे फोटो आणि विकिपीडियाचा मजकूर असं झालं तर चार क्रेडिट वाया गेले. विषय घराजवळचा घ्या, ज्यावर थोडंच लिहिलं गेलं आहे असा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. कोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीच्या थरात कोरलेलं कावी काम आहे, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली ते झपाट्याने नाहीसं होत आहे. पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीचा गंजिफा. पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह पाहता येतो. साताऱ्याच्या बाजूला औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रांसमोर उभं राहता येतं. भवानराव पंतप्रतिनिधींनी ते 1938 मध्ये उभं केलं.

देवळात किंवा वाड्यात गेलात की आधी चित्र काढा, मग फोटो. पेन्सिलने भिंतीचा साधा नकाशा काढून कोणतं चित्र कुठे आहे ते क्रमांकाने मांडा, प्रत्येक पट्ट्याची लांबी-रुंदी टेपने घ्या, रंग कुठे उडाला आहे, ओल कुठून उतरते आहे ते नोंदवा, आणि पुजारी किंवा घरमालक काय सांगतात ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. परवानगी लागते तिथे आधी पत्र न्या. अशा दहा पानांच्या अहवालाला संशोधनाचं मोल येतं, कारण पाच वर्षांनी ती भिंत रंगवली गेली तर तुमची नोंदच उरते.

संग्रहालयात कार्यानुभव मिळाला तर दालनात मार्गदर्शक म्हणून उभं राहण्यापेक्षा नोंदणी विभागात काम मागा. तिथल्या ॲक्सेशन रजिस्टरमध्ये एकेका वस्तूचा क्रमांक, माध्यम, माप, ती कुणाकडून, कधी, कशी आली आणि आजची अवस्था अशी नोंद असते. जुन्या हस्ताक्षरातल्या त्या ओळी नव्या संगणकीय नोंदीशी ताडून पाहताना लक्षात येतं, की ‘बाराव्या शतकातली विष्णुमूर्ती’ हे तीन शब्द कुणीतरी ठरवलेले आहेत आणि ते चुकलेलेही असू शकतात. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्थेत जागा थोड्या असतात. जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात मात्र तुम्हाला प्रत्यक्ष हाताने काम मिळतं. जिथे शिकवणारा माणूस आहे तिथे जा.

चौथं वर्ष, नेट आणि पुढचं

बी.एफ.ए. किंवा बी.व्ही.ए. करणाऱ्यांना चार वर्षं नवी नाहीत. बी.ए. करणाऱ्यांना मात्र तिसऱ्या वर्षाअखेर ठरवावं लागतं: तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए., की चौथं वर्ष ऑनर्स करून एक वर्षाचं एम.ए.? संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या विभागात तुमच्याच विषयावर काम करणारा मार्गदर्शक असेल तर चौथं वर्ष घ्या. नसेल, तर तीन वर्षांवर थांबून कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी दोन वर्षांचं एम.ए. करा: बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, शांतिनिकेतनचं कलाभवन, दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड ॲस्थेटिक्स, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ. बडोद्यात 1950 मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तिथे कलेतिहासाचे विद्यार्थी आणि मातीकाम, छापकाम करणारे विद्यार्थी एकाच आवारात वावरतात. त्यातून जे शिकायला मिळतं ते कोणत्याही क्रेडिटमध्ये बसत नाही. दोन वर्षांत भाषेला, प्रवासाला आणि वाचनाला वेळ मिळतो, एका वर्षात तो मिळत नाही.

नेटसाठी कलेतिहासाचा वेगळा विषय नाही. तो ‘व्हिज्युअल आर्ट’ या विषयात, विषय क्रमांक 79 मध्ये येतो आणि त्यात कलेतिहास हा एक ऐच्छिक भाग आहे. म्हणजे चित्रकला, शिल्पकला, छापचित्रं, उपयोजित कला यांची माध्यमं आणि तंत्रंही माहीत असावी लागतात. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे तास कमी केले असतील तर एखाद्या सुट्टीत फ्रेस्को, लिथोग्राफ, लॉस्ट वॅक्स यांतलं जमेल ते एखाद्या स्टुडिओत प्रत्यक्ष होताना पाहून या. नेटचा अभ्यासक्रम आणि तुमचा पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून तिसऱ्या वर्षीच तुलना करा. कोणते घटक राहिले ते तासाभरात समोर येतं.

बदलावर बोलायचं असेल तर

अभ्यासक्रमावर विद्यार्थ्यांनी बोलू नये असं कुठेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार अभ्यासक्रम अभ्यासमंडळ तयार करतं आणि विद्या परिषद तो मंजूर करते. म्हणजे तुमची सूचना पोहोचायला हवी ती अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांकडे, विभागप्रमुखांमार्फत, आणि बैठकीच्या आधी. परीक्षा, गुण, समकक्षता यांबद्दलची तक्रार असेल तर मार्ग वेगळा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर लोकपालाकडे जाता येतं.

सूचना लिहिताना ‘अभ्यासक्रम अन्यायकारक आहे’ असं लिहून काही होत नाही. नेमकं मागा. तिसऱ्या सत्रातल्या दोन क्रेडिटच्या मूर्तिशास्त्राच्या पेपरात बारा घटक आहेत आणि तास 30. त्यातले गांधार आणि पाल हे दोन घटक चौथ्या सत्रात न्यावेत, सुटलेल्या तासांत एक दिवसाची क्षेत्रभेट ठेवावी, आणि संदर्भग्रंथांत अमुक दोन मराठी पुस्तकं जोडावीत. खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या, परीक्षा क्रमांकासह. एक प्रत विभागात, एक अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना, दोन्हींवर पोच घेऊन. आणि हा अर्ज सत्र संपल्यावर नव्हे, पहिल्या चाचणीनंतर लगेच द्या, म्हणजे मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो येऊ शकतो.